सुईचा नवरा

"श्वास सोडा आता. सोडलात? मग हे पोट कुणाचं?"

काकूंच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे अर्धे शब्द ओठांच्या कोपऱ्यातून येत होते. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. ऑपरेशन झालेला पाय समोरच्या स्टुलावर लांब केलेला. आणि त्यांच्यापुढे तात्या दोन्ही हात वर करून उभे होते, अंगात बायकोचा निळा अंगरखा. खांद्यात तो कसाबसा बसला होता. पोटावर मात्र दोन्ही कडांची गाठ पडायला तयार नव्हती.

"अगं, बास झालं. एवढं वाईट दिसत असेल तर मी जातच नाही."

"दिसतंय कुणाला? माशाच्या पोटात असणार तुम्ही."

"मग शिवतेस कशाला?"

"हात सारखे वर-खाली करायचे असतात. काखेत उसवलं की लक्ष तिकडं जातं आणि ताल चुकतो. हलू नका."

तात्या हलले नाहीत. लग्नानंतर इतकी वर्षं झाली, पण बायकोनं कमरेत टाचण्या टोचत आपल्याला असं उभं केल्याचं त्यांना आठवत नव्हतं. शिवणकाम तिचं होतं हे खरं. पण ते लाँड्रीच्या दुकानात, दुसऱ्यांच्या कपड्यांवर चालायचं.

ते दोघं राहत होते ते परदेशातलं शहर एका उत्सवासाठी जगभर नावाजलेलं होतं. वर्षातून एकदा तिथल्या मोठ्या रस्त्यावरून मिरवणूक निघायची. वेताचे सांगाडे आणि त्यांवर कापड शिवून केलेले प्रचंड प्राणी: हत्ती, कासवं, घोडे, पंख पसरलेले पक्षी. प्रत्येक वस्तीचा आपापला एक प्राणी, आणि त्याच्या आत काठ्या धरून चालणारी माणसं. ते बघायला कुठून कुठून लोक येत, हॉटेलं महिनाभर आधी भरत. काकू ज्या वस्तीत कपडे दुरुस्तीचं काम करत, तिथला प्राणी होता मासा. बसपेक्षा लांब, निळा-रुपेरी. बरीच वर्षं त्या माशाच्या शेपटीजवळची एक काठी काकूंची होती.

यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, घरातल्या घरात वॉकर घेऊन चाला, पण जिना उतरायचा नाही. माशाच्या मंडळींचा नियम असा होता की ज्याला येता येत नाही त्यानं घरातलं माणूस पाठवावं. नाहीतर काठी रांगेत थांबलेल्या पुढच्या माणसाला जाते.

"जाऊ दे ना मग पुढच्याला," तात्या म्हणाले होते.

काकूंनी त्यावर वाद घातला नाही. फक्त म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्हाला ड्यूटी होती. आता कसली ड्यूटी आहे?"

तात्या आयुष्यभर इस्पितळाच्या बॉयलरवर होते. तळघरात, जाड पाइपांच्या जंगलात. उत्सवाच्या दिवशी सगळ्यांना रजा हवी असायची, तेव्हा तात्या न विचारता हात वर करत. "तुम्ही जा रे. बॉयलरला कुठली सुट्टी?" साथीदारांना वाटायचं, केवढा दिलदार माणूस. खरं म्हणजे तात्यांना गर्दीचा कंटाळा होता, आणि त्या दिवशी तळघरात भारी शांतता असायची. डबा खायचा, प्रेशरवर नजर ठेवायची, खुर्चीत रेलून जरा डोळे मिटायचे. वर रस्त्यावर दुनिया लोटलेली असली तरी खाली फक्त वाफेचा आवाज.

मजा अशी की गावाकडे गेले की याच उत्सवाचं वर्णन तात्या रंगवून सांगत. धाकटा भाऊ, शेजारीपाजारी, सगळे गोळा होऊन बसत. "टीव्हीवर दाखवला हो तुमच्याकडचा उत्सव! तुम्ही दिसताय का बघत होतो." तात्या मग वर्तमानपत्रात वाचलेलं आणि कॅलेंडरावर पाहिलेलं असं काही सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, हत्तीची सोंड यांच्याच खांद्यावर होती. काकू आत जावेबरोबर भाजी निवडत असत. त्या कधी बाहेर येऊन म्हणाल्या नाहीत की अहो, तुम्ही कधी पाहिलाय?

आता तात्या निवृत्त झाले होते. मुलगा तिसऱ्याच देशात नोकरीला. त्याचं त्याचं बरं चाललं होतं. धाकट्यानं गावाकडच्या घरावर दोन खोल्या चढवून घेतल्या होत्या आणि आठवड्याला फोन करून विचारत होता, "दादा, खिडक्यांना रंग कुठला देऊ?" पाय बरा झाला की परत जायचं, हे तात्यांनी ठरवलं होतं. काकूंना विचारलं तेव्हा त्या "बरं" म्हणाल्या. त्या एका शब्दाला तात्यांनी होकार समजून तिकिटांची चौकशीही सुरू केली होती.

"झालं," काकूंनी दात लावून दोरा तोडला. "आता वाका बघू. हं. उद्या तालमीला जायचं, वेळेवर."

तालीम बस डेपोच्या रिकाम्या शेडमध्ये होती. तात्या दारातूनच परत फिरायच्या विचारात होते, पण आतून एक उंच, दणकट बाई हात पसरून समोर आली. काकू जिच्या लाँड्रीत काम करत ती मालकीणबाई. तीच माशाची म्होरकी होती.

"आलात! अरे, सुईचा नवरा आला बघा!"

शेडमधली पाच-पंचवीस डोकी वळली. तात्यांना त्या देशाची भाषा चांगली येत होती, तरी त्यांनी पुन्हा विचारलं, "कुणाचा?"

"सुईचा. आम्ही तिला सुईच म्हणतो. तुम्हाला माहीत नाही?"

तात्या काहीतरी पुटपुटले. आपल्या बायकोला कुणी लाडानं दुसऱ्या नावानं हाक मारतं, आणि ते नाव आपल्याला एका शेडमध्ये उभं राहून कळतं, हे त्यांना जरा विचित्र वाटलं. राग नव्हता. दुसऱ्याच्या घरात चुकून पाऊल पडल्यासारखं वाटत होतं.

लाँड्रीवालीनं त्यांना मासा दाखवला. जमिनीवर पसरलेला, हवा गेलेल्या तंबूसारखा. त्याच्या अंगावर हाताएवढे खवले होते, एकेक वेगळा शिवलेला. एका वर्षी मिरवणुकीच्या आदल्या दिवशी कापड उभं फाटलं होतं. सगळे डोक्याला हात लावून बसले, तेव्हा दुकानात नव्यानं लागलेली ही परदेशी बाई काही न बोलता जमिनीवर बसली आणि सकाळपर्यंत शिवत राहिली. तेव्हापासून काठी तिची आणि नावही.

तात्यांना ती रात्र पुसट आठवली. काकू सकाळी घरी आल्या होत्या, डोळे लाल. त्यांनी विचारलं होतं, "एवढं काय काम होतं?" "होतं थोडं," त्या म्हणाल्या होत्या आणि चहा टाकला होता.

तालमीत तात्यांनी माशाची पार रया घालवली. ढोलाच्या पहिल्या ठोक्याला डोक्याकडची काठी वर जायची, मग तिच्या मागची, मग तिच्या मागची. लाट अशी सरकत शेपटीपर्यंत आली की मासा पोहल्यासारखा दिसायचा. तात्यांपर्यंत आली की लाट बुडायची. ते एकतर आधी उचलत, नाहीतर सगळ्यांची काठी खाली आल्यावर.

"मासा उचकी देतोय!" कोणीतरी ओरडलं, आणि सगळे हसले.

तात्यांच्या पुढची काठी एका निवृत्त पोस्टमनची होती. विश्रांतीत त्यानं तात्यांना पाण्याची बाटली दिली.

"मनावर घेऊ नका. पहिल्या वर्षी सगळेच उचकी देतात. पण सुई नाही म्हणजे जरा सुनंच वाटतं. हसवायला कुणी नाही."

"ती? हसवते?"

"म्हणजे काय! अहो, नकला काय करते. तुमची तर अशी करते…"

पोस्टमन उठला. शेडच्या कोपऱ्यात गरम पाण्याचा एक पाइप होता, त्याच्याकडे तो पोट पुढे काढून, हात पाठीमागे बांधून गेला. बोटाच्या पेरानं पाइपवर टकटक केलं, कान लावला, डोळे मिटले, आणि भुवया वर करून गंभीरपणे मान हलवली. जणू पाइपानं घरची एखादी दुःखाची बातमी दिली होती. सगळी शेड खदखदली. ही नक्कल त्यांना तोंडपाठ होती हे उघड होतं.

तात्या हसले नाहीत, कारण नक्कल हुबेहूब होती. कुणाच्याही घरी गेलं की ते पाइपवर टकटक करत. आपण असं करतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि मग, थोड्या उशिरानं, ते हसायला लागले ते थांबेनात. पोस्टमननं त्यांच्या पाठीवर थाप मारली.

घरी आल्यावर त्यांनी बूट काढायच्या आधी विचारलं, "तू माझ्या नकला करतेस?"

काकू क्षणभर घाबरल्या. मग तात्यांच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कळलं. "कुणी सांगितलं? त्या पोस्टमननं? मेला! त्याला नीट जमत नाही, तो भुवया फार वर नेतो."

"मग तू करून दाखव."

"आता? या पायानं?"

"बसून कर."

काकूंनी बसल्या बसल्या केलं. भिंत जवळ नव्हती म्हणून वॉकरच्या नळीला कान लावला. तात्या खुर्चीत मागे पडून हसले, काकूंना हसताना पाय दुखायला लागला, "अगं आई गं" म्हणत त्या अजून हसल्या. बऱ्याच दिवसांनी त्या घरात दोन माणसांच्या हसण्याचा आवाज झाला. मग काकूंनी डोळे पुसले आणि गॅस बारीक करायला सांगितलं.

पुढचे दिवस काकूंनी तात्यांची शिकवणी घेतली. हातात मॉपचा दांडा देऊन त्यांना खोलीत उभं केलं आणि त्या स्वतः पलंगाच्या लाकडावर ताल वाजवू लागल्या.

"ठोका मोजू नका हो. मोजलंत की चुकलंत."

"मग काय करू?"

"पुढच्याच्या खांद्याकडं बघा. त्याचा खांदा पडायला लागला की तुमचा उठला पाहिजे. माणसाकडं बघायचं, आवाजाकडं नाही."

तात्यांचं आयुष्य आवाज ऐकण्यात गेलं होतं. त्यांनी खूप प्रयत्न केला. पण मॉप शेवटपर्यंत मॉपच राहिला.

उत्सवाच्या दिवशी ते सकाळीच निघाले. काकूंच्या हाताशी पाण्याचा तांब्या, गोळ्या आणि टीव्हीचा रिमोट ठेवला.

"टीव्हीवर मासा दाखवतील तेव्हा मी उजव्या अंगाला, शेपटीशी."

"मला माहीत आहे माझी काठी कुठं असते," काकू म्हणाल्या. मग त्यांनी तात्यांची कॉलर सारखी केली. "घाबरू नका. आत गेलं की बरं वाटतं."

मासा उभा राहिला आणि तात्या त्याच्या आत गेले. तेव्हा त्यांना पहिली गोष्ट कळली ती ही, की आतून काहीच दिसत नाही. चारी बाजूंनी कापड. वरून निळा उजेड गाळून येत होता आणि सगळ्यांचे चेहरे, हात त्यात बुडाले होते. कापडाच्या खालच्या काठातून दिसायचे ते फक्त रस्ता आणि बघ्यांचे पाय. बूट, चपला, बाळाच्या ढकलगाडीची चाकं.

"म्हणजे मिरवणूक दिसतच नाही?" त्यांनी पोस्टमनला विचारलं.

"कधीच नाही. आम्ही पण दुसऱ्या दिवशी पेपरात बघतो."

तात्यांना काकूंची कमाल वाटली. इतकी वर्षं त्या जगप्रसिद्ध उत्सवात होत्या आणि त्यांनीही तो पाहिला नव्हता. त्याबद्दल कधी बढाई नाही, कधी तक्रार नाही.

ढोल सुरू झाले. मासा हलला. बाहेर माणसांचा आवाज असा होता की तो कानांना नाही, छातीला लागत होता. आणि आत, काकू म्हणाल्या तसं, खरंच बरं वाटत होतं. घामाचा, कापडाचा, वेताचा वास. कोणीतरी गुणगुणत होतं. पुढच्यानं मागच्याला पाण्याची बाटली सरकवली. तात्यांना आपलं तळघर आठवलं. पण तळघरात ते एकटे असत. त्यांचा ताल मात्र चुकतच होता. मासा मोठ्या रस्त्यानं उचक्या देत निघाला.

मोठा चौक आला. हा चौक तात्यांच्या घराच्या गल्लीला लागून होता. तिथं मासा वळायचा, आणि वळताना सगळा भार शेपटीवर यायचा. तात्यांची काठी खाली यायला लागली होती. तेवढ्यात लाँड्रीवाली पुढून मागं आली, कापडाची कड धरून वर उचलली आणि ओरडली, "सुईचा नवरा! बाहेर बघा!"

तात्यांनी मान वाकवून पाहिलं.

फुटपाथच्या कडेला, गर्दीच्या अगदी पुढच्या ओळीत, त्यांच्या स्वयंपाकघरातली खुर्ची होती. खुर्चीत काकू बसल्या होत्या, पाय एका उपड्या बादलीवर ठेवलेला. मागं खालच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला आणि त्याचा भाऊ घाम पुसत उभे होते. त्यांनीच खुर्चीसकट उचलून त्यांना तीन जिने उतरवलं होतं. काकू कुणाकडेच बघत नव्हत्या. ना तात्यांकडे, ना लाँड्रीवालीकडे. त्यांनी दोन्ही हात वर केले होते, मुठी एकावर एक, जशी काठी धरावी तशा. हातात काहीच नव्हतं. ढोल वाजत होते आणि त्या मुठी वर जात होत्या, खाली येत होत्या, जरा थांबून पुन्हा वर. शेजारची माणसं त्यांच्याकडे बघून हसत होती. काकूंना पत्ता नव्हता. चेहरा असा होता की तात्यांना वाटलं, ही कोण बाई? आणि लगेच वाटलं, हीच ती. ही रोज संध्याकाळी घरी यायची, तेव्हा हा चेहरा दाराबाहेर ठेवून येत होती.

तात्यांनी काकूंच्या हातांकडे बघितलं आणि आपली काठी उचलली. त्यांचे हात पडले तसे यांचे पडले. पुन्हा उचलले. पोस्टमन मागं न बघता ओरडला, "वा!" शेपूट उठली, डुलली, वळली. बाहेर एकच गलका झाला. चौकाभर मासा पोहला.

मग कड खाली पडली, काकू दिसेनाशा झाल्या, आणि पुढच्या वळणावर तात्यांची उचकी पुन्हा सुरू झाली.

संध्याकाळी उजेड असतानाच ते घरी आले. माशाचं कापड शेडमध्ये राहतं, पण ज्याची त्याची काठी ज्यानं त्यानं घरी न्यायची. ती वेताची लांब काठी जिन्यातून वर आणताना तात्यांची दमछाक झाली. काकू पलंगावर बसल्या होत्या. टॅक्सीवाल्यानं त्यांना परत वर आणून सोडलं होतं.

"डॉक्टरांना कळलं तर?" तात्या म्हणाले.

"मी जिना उतरलेच नाही. मला उतरवलं."

तात्यांनी काठी भिंतीशी टेकवली. हातपाय धुतले. पोळ्या गरम केल्या आणि दोघांची ताटं घेतली. दोघं जेवायला बसले. मग तात्या ताटाकडे बघत म्हणाले, "धाकट्याला फोन करून सांगू का?"

"काय?"

"की एवढ्यात नको. बघू. राहू इथंच."

काकूंनी घास गिळला. पाणी प्यायल्या.

"नाही. जाऊ या आपण."

"अगं पण…"

"हा गुडघा आता काठीखाली उभा राहायचा नाही. मला ऑपरेशनच्या आधीच माहीत होतं. डॉक्टर सांगत होते बरं होईल, पण चालण्यापुरतं बरं होणं वेगळं." त्यांनी भिंतीशी टेकलेल्या काठीकडे पाहिलं. "मी तुम्हाला राहण्यासाठी नव्हतं पाठवलं."

"मग कशासाठी?"

काकू बोटानं ताटाची कड पुसत राहिल्या.

"तिकडं गेल्यावर कधीतरी आठवण येईल. तेव्हा मी म्हणणार, तो आतला निळा उजेड. आणि तुम्ही म्हणणार, कुठला उजेड? एकटीनं आठवायचं म्हणजे फार जड जातं हो. आता निदान दोघांना माहीत आहे."

तात्यांनी मान हलवली. मग ते म्हणाले, "वास पण येतो. कापडाचा."

"येतो ना?" काकू म्हणाल्या. "मी दर वर्षी धुवायला सांगते. ऐकत नाहीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी लाँड्रीवाली आली. तिच्याबरोबर एक मध्यम वयाची बाई होती, शाळेची बस चालवणारी. रांगेत पहिला नंबर तिचा होता. ती दारातच अवघडून उभी राहिली. हसावं की नाही हे तिला कळत नव्हतं. काकूंनीच सकाळी फोन करून दोघींना बोलावलं होतं.

तात्या भिंतीशी टेकवलेली काठी उचलायला गेले.

"थांबा. मी देते."

वॉकर धरून काकू उठल्या. तात्यांनी आधाराला हात पुढे केला. काकूंनी मानेनंच नको म्हटलं. भिंतीपर्यंत गेल्या, वॉकर सोडला, काठी दोन्ही हातांनी घेतली आणि तशाच, कशालाही न धरता, उभ्या राहिल्या. बसवाल्या बाईनं घाईनं पुढं येऊन खालून हात लावला.

"मोजू नका," काकू त्या देशाच्या भाषेत म्हणाल्या. "पुढच्याच्या खांद्याकडं बघा."

"हो."

"कापड ओढलं जात असेल तर ओढू नका. फाटतं. सांगा, शिवून घ्या."

"हो."

लाँड्रीवालीनं काकूंना मिठी मारली आणि त्या दोघी निघाल्या. दार उघडंच राहिलं. काठी लांब आणि जिना अरुंद. पहिल्या वळणावर ती भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. मग बायकांचं दबकं बोलणं, "जरा तिरकी घे." मग दुसऱ्या वळणावर आवाज. तात्या दार लावायला निघाले होते, ते तिथंच थांबले. मग तिसऱ्या वळणावर, बराच खालून.

खालचं मोठं दार उघडून बंद झालं. काकूंनी मग वॉकर जवळ ओढला, आणि त्या हळूच खुर्चीत बसल्या.